घड्याळातली सापसुरळी

“मास्तर, काच साफ हाय का?”

मी दुकानाच्या ओट्यावर टेकलो न टेकलो, की उस्ताद मान वर करून एवढेच विचारत. मग न्हाव्यापुढे धरावा तसा चेहरा उजेडाकडे वळवून स्थिर धरत. मी वाकून त्यांच्या उजव्या डोळ्यावरची काच बघे आणि “साफ” म्हणे. तेवढे ऐकले की ते पुन्हा कामाला लागत.

ही काच म्हणजे चष्मा नव्हे. ती काय होती हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. मला एरवीही भरभर सांगता येत नाही, आणि ही हकीकत तर मी बरीच वर्षे टाळत आलो आहे.

बीडच्या पेठेत एका अत्ताराच्या दुकानाला लागून उस्तादांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. वडील तांबट. हे मात्र तरुणपणी हैदराबादेला जाऊन एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिले आणि घड्याळे उघडायला शिकून आले. निजामी अंमलातल्या त्या दिवसांत गावात घड्याळे होती तरी किती? एक कचेरीत, एक आमच्या शाळेत, काही वकिलांच्या खिशात आणि बाकीची आसपासच्या देशमुखांच्या बैठकीत, बहुतेक बंद पडलेली. सगळी या ना त्या वेळी उस्तादांच्या मेजावर येऊन जात. मी शाळेत मराठी शिकवीत असे. शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायची मला सवय लागली. ते बोलत नसत, मी वाचत असे, आणि दोघांनाही सोबत होई.

प्लेग ओसरला त्या वर्षी उस्तादांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले, पण चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंवरून वारे गेले होते. ओठ ढिले पडले, गाल ओघळले. ते सगळे पुढे बरेचसे सावरले. पापण्या तेवढ्या सावरल्या नाहीत. डोळे मिटेनात.

आपण दिवसातून किती वेळा डोळे मिटतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. समोरचा माणूस मिटत नाही म्हटल्यावर मात्र तेवढेच दिसू लागते. उस्ताद नुसते बघत होते तरी ते रोखून बघताहेत असे वाटे. पेठेतून जाणाऱ्या बाया त्यांच्या दुकानासमोर आल्या की कडेवरच्या लेकरावर पदर ओढून घेत. उस्तादांना ते कळे. बाई येताना दिसली की ते आपण होऊन मान खाली घालत.

अत्तार शेजारी बसून थट्टा करी. “उस्ताद, तुमी निजलात का जागे हाव, वैनींना कसं कळतं हो?”

“घोरतो की मी,” उस्ताद म्हणत. “घोरनं थांबलं की ती चहा ठेवती.”

थट्टा होती तोवर ठीक होते. पहिल्याच उन्हाळ्यात धुळीने त्यांचा डावा डोळा चिघळला आणि पांढरा झाला. औरंगाबादेच्या डॉक्टरांनी उजवाही तपासला. ते म्हणाले, हा डोळा कोरडा पडतो आहे, तोही जाईल. पापण्या एकमेकींना शिवून टाकू. मधे फट राहील तेवढ्यातून उजेड दिसेल, माणूस दिसेल, डोळाही राहील.

“आन् घड्याळातली केसाएवढी कमान?” उस्तादांनी विचारले.

ती दिसणार नव्हती. उस्ताद टाके न घालता परत आले. दुकान उघडले. दर थोड्या वेळाने हातातले काम खाली ठेवायचे, ओल्या फडक्याने डोळा टिपायचा, पुन्हा काम उचलायचे, असे चालले. “जवर चालतंय तवर चालतंय,” म्हणत. पण त्यांचा हात पूर्वीसारखा सावकाश राहिला नव्हता. उरलेल्या दिवसांत सगळी घड्याळे उरकून टाकायची असावीत तशी त्यांची घाई चाले.

त्याच सुमारास आष्टीकडच्या एका देशमुखाचे टेबलावरचे मोठे घड्याळ गाडीत पेंढ्यात घालून आले. चालता चालता अडते, पुन्हा चालते, अशी तक्रार होती. उस्तादांनी मागचे झाकण उघडले आणि ते हसले. तापानंतर त्यांचे हसणे नुसते घशातून येई.

“मास्तर, हिकडं या. बिघाड जित्ता हाय.”

चाकांच्या खाली पितळी पत्र्यावर बोटाच्या दोन पेरांएवढा एक चकचकीत, तपकिरी जीव बसला होता. पाय जेमतेम दिसतील एवढे. मी म्हटले, सापसुरळीचे पिल्लू आहे. अत्तार ओट्यावरून खाली उतरला. “सापाची मावशी ती. मारून टाका, चावली तर पानी मागू देनार न्हाई.”

“माझ्या मेजावर आलेलं मी मारीत न्हाई, दुरुस्त करतो,” उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी तिच्यावर एक काचेची हंडी पालथी घातली.

डोळ्याला भिंग लावून ते तिच्याकडे बघत राहिले. मी एक धडा वाचून संपवला तरी ते तसेच होते.

“काय चाललंय?” मी विचारले.

“आमची दोगांची शर्यत लागलीय. पापनी कोन हलवतं ते बघतोय.”

कोणीच हलवली नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी ते म्हणाले, “हे पिल्लू न्हाई, मास्तर. पोटातून अंडी दिसत्यात हिच्या. ही एवढीच असती. आन् हिला पापनीच न्हाई.”

त्यानंतर मी त्यांना दुकान बंद ठेवताना प्रथमच पाहिले. सलग तीन दिवस ते सकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर गेले, दगड उलथले आणि दुपारी धोतराच्या ओच्यात मातीची मडकी घेऊन परतले. मेजावर तीन हंड्या मांडल्या. पहिलीत परसात दिसते ती मोठी, जाड सापसुरळी. तिची पापणी खालून वर येई आणि डोळा आपल्यासारखा झाकला जाई. दुसरीत तिच्याहून बारीक. तिचीही पापणी वर येई, पण उस्तादांनी भिंग माझ्या हातात दिले तेव्हा दिसले, की त्या पापणीच्या मधोमध एक स्वच्छ ठिपका आहे. डोळा झाकला तरी आतले बुबुळ दिसत होते.

“खिडकी हाय तिच्या पापनीला,” उस्ताद म्हणाले. “मिटलं तरी दिसतं. आता ही तिसरी बघा. ही घड्याळातली.”

तिच्या डोळ्यावर नुसती चमक होती.

शाळेच्या कपाटात प्राण्यांविषयीचे एक जाड इंग्रजी पुस्तक धूळ खात होते. ते मी घरी आणले आणि कोशाच्या मदतीने सापसुरळ्यांचे पान लावले. त्यात लिहिले होते, की काही सापसुरळ्यांची खालची पापणी वरचीला कायमची जुळून गेलेली असते आणि काचेसारखी पारदर्शक झालेली असते. तिच्याखाली डोळा ओला राहतो, धूळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी हे उस्तादांना समजावून सांगितले. सांगताना मला फार अभिमान वाटला होता, हे मी लपवीत नाही.

उस्तादांनी पुन्हा भिंग लावून तिसऱ्या हंडीत बघितले. मग म्हणाले, “म्हंजे हिला पापनी न्हाई असं न्हाई. हिनं डोळा मिटलेलाच हाय. मिटून बघती ती.”

आणि त्यांनी खण उघडला. त्यात जुन्या घड्याळांच्या सुट्या काचा होत्या. एकेक काच उचलून ते आपल्या उजव्या डोळ्यावर धरून बघू लागले.

बायकांच्या गळ्यातल्या लहान घड्याळाची एक फुगीर काच त्यांना नेमकी बसली. तिच्याभोवती मऊ चामड्याची चकती, कडेला मेण आणि राळ, आणि मागे बांधायला नाडी. काचेखाली डोळ्याची ओल कोंडून राही. आठवड्याभरात डोळ्याची लाली उतरली. महिन्याभरात ओले फडके मेजावरून गेले. काचेवर भिंग धरून ते केसाएवढी कमान बसवू लागले.

“उस्ताद, आता किल्ली कुटून द्यायची तुमाला?” अत्ताराने विचारले.

“तुमी बोलत ऱ्हावा, तीच किल्ली,” उस्ताद म्हणाले. त्या दिवशी आम्ही तिघेही हसलो.

सापसुरळ्या त्यांनी टेकडीवर नेऊन सोडल्या. घड्याळातली मात्र आष्टीला जाणाऱ्या गाडीवानाजवळ मडक्यातून परत पाठवली आणि जिथून आली तिथे सोडायला सांगितली. तिला माझ्या गावचा रस्ता ठाव न्हाई, म्हणाले.

अशी चार वर्षे गेली. एकच अडचण होती. काचेच्या आत कधी वाफ धरे, कधी धुळीचा कण शिरे. डोळ्यापुढे अंधुक आले तर ते काचेवरचे की डोळ्यातले, हे आत बसलेल्या माणसाला कळायचे कसे? बाहेरून बघणारे कोणी हवे. वहिनींना जवळचे दिसत नसे. म्हणून ते काम माझ्याकडे आले होते. “मास्तर, काच साफ हाय का?” हा प्रश्न नमस्कारासारखा नव्हता. तो माणूस आपला डोळा रोज माझ्या स्वाधीन करत होता.

वैशाखातल्या एका दुपारी मी वाकून बघितले, तर बुबुळाच्या कडेला खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. मला वाटले, काचेच्या आत कण असेल. मी “साफ” म्हटले.

दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. काच काढून पुसलेली होती. डोळा कडेने लाल होता. कण नव्हता हे मला कळले होते, आणि तरीही मी “साफ” म्हटले.

का म्हटले याची उत्तरे मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. ती काच मला माझीही वाटत होती, पुस्तक मी वाचले होते. खरे सांगितले असते तर उस्ताद औरंगाबादेला गेले असते, डॉक्टरांनी पापण्या शिवल्या असत्या आणि दुकान बंद झाले असते. मला त्या ओट्यावर बसायचे होते. आणि उद्यापर्यंत तो ठिपका आपोआप जाईल, असेही वाटले होते. यातले कुठलेही उत्तर पुरत नाही.

तिसऱ्या दिवशी उस्ताद आपण होऊन म्हणाले, “मास्तर, काट्याभवती धुकं हाय.” काच काढली तेव्हा आत पू साचला होता. त्यांना दुखलेही नव्हते. त्या डोळ्याची दुखण्याची शक्तीच गेली होती.

बैलगाडीने जालन्याला आणि तिथून रेल्वेने औरंगाबादेला आम्ही पोहोचलो, तोवर डोळा गेला होता. डॉक्टर चांगला माणूस होता. तो म्हणाला, दोन-तीन दिवस आधी यायला हवे होते.

परतीच्या गाडीत वहिनींनी मला विचारले, “भावजी, तुमाला रोज इचारत हुते न्हवं? तुमाला न्हाई दिसलं?”

“नाही दिसले,” मी म्हणालो.

उस्ताद माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचे तोंड रस्त्याकडे होते.

त्यानंतर काही महिने ते नुसते येऊन दुकानात बसत. मी ओटा चढायच्या आधीच “या, मास्तर” म्हणत. घड्याळांची टिकटिक ऐकून दोष सांगणाऱ्या त्या कानांना माझ्या वहाणा पुरेशा होत्या. आम्ही पाऊसपाण्याचे बोलत असू. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही. काच आता नव्हती, तेव्हा विचारायचे कारणही नव्हते, असे मी मनाला सांगत असे.

एकदा एक बाई कडेवर लेकरू घेऊन दुकानाशी थांबली आणि अत्ताराकडून ओवा घेऊ लागली. लेकरू उस्तादांच्या तोंडापुढेच होते, हुंकार देत होते. तिने पदर ओढला नाही. ती गेल्यावर उस्ताद म्हणाले, “आता लेकरं झाकीत न्हाईत, मास्तर.” एवढेच म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मेजावरची हत्यारे फडक्यात बांधली आणि वहिनींच्या माहेरी, दिंद्रुडला, कायमचे निघून गेले.

मी त्यांना भेटायला गेलो नाही. दिंद्रुड काही फार लांब नाही. दर सुटीत जायचे ठरवी आणि दर सुटीत काहीतरी वाचायला काढी. ते वारल्याचे मला अत्ताराकडून कळले, तेही तेरावे होऊन गेल्यावर.

पण त्याआधी एकदा, त्या बाजूच्या एका शाळेची तपासणी होती तेव्हा, मी दिंद्रुडला उतरलो होतो. घर विचारून काढले. हिवाळ्यातली सकाळ होती. उस्ताद अंगणात बाजेवर उन्हात बसले होते, वाळलेले होते. मी कुडापाशी थांबलो. मनात वाक्य जुळवून आणले होते. दोन पावले पुढे टाकली तशा वहाणा कोरड्या पाचोळ्यात वाजल्या.

उस्तादांनी मान वळवली आणि तोंड नेमके माझ्याकडे धरले. दोन्ही डोळे पांढरे, सताड उघडे. मी उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. ते बघत नव्हते, हे मला ठाऊक होते. त्या वेळी तसे वाटले नाही.

आतून वहिनींचा आवाज आला, “कोन आलंय हो?”

उस्तादांनी तोंड परत उन्हाकडे वळवले.

“कुनी न्हाई,” ते म्हणाले.