लामदुआन स्टिअरिंगवर बसते

बँकॉकच्या बंदराकडच्या रस्त्यावर तेव्हा दोन कंपन्यांच्या बसगाड्या धावत, निळ्या आणि पिवळ्या. लामदुआन निळीवर कंडक्टर होती. पिवळी चालवायचा बंचोंग. तिच्या थांब्यावरचे उतारू तो तिच्या डोळ्यांदेखत पळवायचा आणि वर खिडकीतून हात हलवायचा. लामदुआनच्या ठेवणीतल्या शिव्या त्याच्यासाठीच राखलेल्या होत्या.

मग सरकारने शहरातल्या छोट्या कंपन्या मोडून एकच मोठी कंपनी केली. नव्या डेपोत ड्युटी लागली तेव्हा लामदुआनने कपाळावर हात मारला. तिच्या गाडीवर ड्रायव्हर होता बंचोंग.

"या माणसाबरोबर? त्यापेक्षा मी मासळी विकीन!"

"विक की," बंचोंग म्हणाला. "पण आधी घंटी दे. लोक खोळंबलेत."

गाडी सुरू झाली, तसं तिचं तोंडही सुरू झालं. डावीकडे घ्या, इथे खड्डा आहे, ब्रेक जरा हळू, म्हातारी पडेल. वर्षभर त्याने ऐकून घेतलं. एक दिवस सिग्नलला थांबल्यावर मात्र तो मागे वळला.

"एवढं कळतं तर तूच चालव ना!"

"शिकवा मग," लामदुआन म्हणाली.

सगळी बस हसली. ती हसली नाही. बंचोंगने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

सुट्टीच्या दिवशी डेपोमागच्या मोकळ्या मैदानात शिकवणी चाले. ड्रायव्हर लोक चहाचे ग्लास घेऊन तमाशा बघायला यायचे. कंपनी वाढत होती, नवे मार्ग निघत होते आणि ड्रायव्हर कमी पडत होते, म्हणून डेपोच्या साहेबांनी तिचा ड्रायव्हरकीचा अर्ज घेतला. पहिल्याच परीक्षेत तिने गाडी मागे घेताना खांब आडवा केला. टायरांच्या ढिगाआड जाऊन ती रडली.

बंचोंग पपईची झणझणीत कोशिंबीर आणि चिकट भात घेऊन आला. "खा. मी पहिल्या परीक्षेत आमच्या जुन्या डेपोचं फाटक उखडलं होतं."

"खरंच, दादा?"

"अजून वाकडंच आहे. जाऊन बघ."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला दादा म्हटलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं. पुढच्या परीक्षेत ती पास झाली.

कंपनीने तेव्हा शहराच्या कडेला असलेल्या मीनबुरीपलीकडे, भातशेतांतून जाणारा मार्ग काढला. धूळ फार, उतारू तुरळक. कोणालाच तो नको होता. लामदुआनने तो मागून घेतला. पहिल्या सकाळी तिने गाडीची राखण करणाऱ्या देवीला मोगऱ्याचा हार घातला, हात जोडले आणि निघाली. शेवटच्या थांब्यावर एक शेतकरी टोपलीत बदकं घेऊन उभा होता.

"ड्रायव्हर कुठंय, बाई?"

"तुमच्यासमोर. चढा, मामा. टोपली मागे ठेवा."

तो बिचकत चढला. बाजारापर्यंत पुढची दांडी घट्ट धरून बसला आणि उतरताना म्हणाला, "बदकंसुद्धा गप्प बसली की गं! उद्या किती वाजता येशील?"

हळूहळू त्या वाटेवर दुकानं आली, शाळा आली, आणि सकाळच्या फेरीत उभं राहायला जागा पुरेना. कंपनीला गाड्या वाढवाव्या लागल्या. आता सुट्टीच्या दिवशी मैदानात लामदुआन शिकवते. नव्या पोरी घाबरत क्लच सोडतात, गाडी आचके खाते, आणि ती खिडकीत हात टेकून सांगते, "पुन्हा. घाई नाही आपल्याला."