शगुफ्ताभाभींचे एक्केचाळीस कागद

शगुफ्ताभाभींच्या कागदांना मी कधी नावं ठेवली नाहीत. ठेवायला जागाच नसायची.

साल २००४. भोरला गोवराच्या नव्या लसीचा अभ्यास चालला होता आणि घरोघरून आलेले कागद तपासणं हे माझं काम होतं. ही लस टोचायची नव्हती, तिची बारीक वाफ करून बाळाच्या नाकातोंडातून आत सोडायची होती. गोवर शिरतो तोच तिथून, तेव्हा पहारेकरीही दारातच बसवावा, असा आमच्या डॉक्टरबाईंचा विचार. आईबापांना विचारून निम्म्या बाळांना वाफ दिली, निम्म्यांना नेहमीची सुई. मग तीन महिने घरी जाऊन चौकशी करायची: ताप आला का, पुरळ उठलं का, आणखी काही दुखलंखुपलं का.

किकवीच्या शगुफ्ताभाभींकडे चौकशीसाठी वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्या होत्या. नसरापूरहून एसटी आणि पुढं दीड तास चढण. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी गोवर निघाला तेव्हा तो कान फुटला होता. वाफ जिंकावी असं आम्हां सगळ्यांत त्यांनाच जास्त वाटे. सुईवाले आले की वाडीतल्या बाया पोरं काखेला मारून शेरडांमागं रानात जात. वाफेला मात्र आपण होऊन येत. "डोंगरावर पोचंल तेच खरं औषध," भाभी म्हणायच्या.

त्यांच्या एक्केचाळीस बाळांच्या कागदांवर एकच उत्तर असे: काही त्रास नाही. मी डोळे झाकून सही ठोकायचो आणि खाली चहाला जायचो.

एका मंगळवारी भाभी कोंडाबाईंच्या दारात पोचल्या. त्यांच्या नातीला, आरतीला, वाफ दिली होती.

"कशी हाय आरती?"

"बरी हाय की. तुमी बसा, ताक घ्या."

भाभींनी तसं लिहिलं. ताक पिताना आरती रांगत येऊन त्यांच्या मांडीवर चढली. पोरीच्या कानात कापूस होता आणि तो ओला होता. खोदून विचारल्यावर कळलं, पाच दिवस ताप होता, कान वाहत होता.

"मग मला 'बरी हाय' असं का म्हणलं, मावशी?"

कोंडाबाईंना प्रश्नच कळेना. "एवढी चढण चढून बाई आली, तिला दारातच रडगाणं सांगायचं व्हय? ही काय रीत हाय?"

भाभींनी त्याच दिवशी आरतीला खाली दवाखान्यात नेलं. कान वाचला. पण येताना एसटीत त्यांच्या लक्षात आलं, की रीत काही एकट्या कोंडाबाईंची नव्हती.

शनिवारी बैठक होती. डॉक्टरबाई खुशीत होत्या, वाफेचा अहवाल छान दिसत होता. भाभी उठल्या आणि म्हणाल्या, "माझे एक्केचाळीस कागद बाद करा."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकलो. "एका पोरीचा कान वाहिला तर एक कागद दुरुस्त करा. बाकीचे कशाला उकरता? नोकरी जाईल, आणि तुमची लाडकी वाफपण." भाभींनी माझ्याकडं डावा कान केला.

डॉक्टरबाईंनी नव्यानं चौकशी करायला महिनाभराची मुदत दिली. भाभी पुन्हा सगळ्या घरांत गेल्या, पण 'कशी हाय' हे विचारणंच त्यांनी सोडून दिलं. चुलीपाशी बसायचं, भाजी निवडू लागायचं, आणि मग सहज म्हणायचं, "लई दमलेली दिसतीस. कंच्या रात्री जागलीस?" पोराचं दुखणं पाहुणीला सांगायचं नसतं, पण आपली झोपमोड कुठलीही बाई सांगते. सोमवारी जागले, पोर तापलं हुतं. जत्रेच्या आदल्या राती, त्याला जुलाब लागलं हुतं. एक्केचाळीसांपैकी एकोणीस बाळांना काही ना काही झालेलं निघालं. मी ते कागद मुकाट्यानं तपासले, चहाला न जाता.

पुढं रक्ताच्या तपासण्या आल्या. वाफेनं पुष्कळ बाळांना राखलं होतं, पण सुईनं राखलेली जास्त होती. 'त्रास काहीच नाही' हे जुने कागद हाताशी असते, तर वाफेची बाजू अजून लढवता आली असती. आता तेही नव्हतं. त्या दिवशी भाभी जिन्यात बसून रडल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी वेड्यासारखा पाणी आणायला पळालो.

वाफ घेऊनही ज्यांच्या रक्तात गोवराला अडवण्याइतका जोर दिसला नाही, त्या बाळांना सुई द्यायचं ठरलं. आरती त्यांतली एक. "सुई आणली तर बाया रानात पळतील," मी म्हणालो. कोणी पळालं नाही. भाभींनी आणलीय म्हटल्यावर कोंडाबाईंनी स्वतः पोरीचा दंड धरला.

आठवड्यानं चौकशीला मीही गेलो. त्या चढणीवर तीनदा बसलो. भाभी वाटेतली घरं उरकायला पुढं निघून गेल्या होत्या. मी कोंडाबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा त्या चपला काढत होत्या, त्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं. कोंडाबाई भाभींच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"बरी न्हाई," त्या म्हणाल्या. "काल ताप हुता, दोनदा उठले म्या. आदी लिव्ह, मग ताक देते."