सात भागांच्या जागी एक

आमच्या मुलीची बाबागाडी पळताना ढकलायची आहे. तीन मोठी चाकं, आत माझी नात बसते आणि मुलगी मागून गाडी ढकलत धावते. गाडीचं पुढचं चाक वळताना अडकायला लागलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तू फिटर होतास ना? बघ की."

चाक जिथे वळतं तो सांधा मी उघडला. गंजलेली दोन बेअरिंग, एक स्प्रिंग, एक नळी, तीन वॉशर. सगळं ओळखीचं. तशीच बेअरिंग घ्यायला मानपाड्याला एका गाळ्यात गेलो. गाळ्याच्या मालकांचं लेथ मशीन आता त्यांची मुलगी चालवते. तिनं सांध्यातल्या दांड्याचं माप घेतलं, प्लॅस्टिकचा एकच बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारं कडं, कातून बसवला आणि म्हणाली, "झालं, काका."

"आणि हे बाकीचे भाग?"

"नाही लागणार."

"ग्रीस तरी?"

"अजिबात नको. ग्रीसला धूळ चिकटते."

सात भाग खिशात घालून मी घरी आलो. काहीतरी राहिलंय, असंच वाटत होतं. गाडीत तांदळाची गोणी ठेवून पार्किंगमध्ये चकरा मारल्या. चाक लोण्यासारखं वळत होतं. तरी तीन दिवस मी नातीला बसू दिलं नाही.

"फिरतंय ना चाक?" मुलगी वैतागली.

"फिरतंय."

"मग?"

चौथ्या दिवशी गाडी दिली खरी, पण राहवलं नाही म्हणून सांध्यात गुपचूप तेल सोडलं. आठवड्याभरात चाक पुन्हा जड झालं.

गाळ्यातल्या मुलीनं बुश काढला. आत काळा चिखल. "तेल घातलंत ना?" तिनं फडक्यानं बुश पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "झिजला तर हा झिजेल, दांडा नाही. मग नवा घालू."

मी मान हलवली. त्यानंतर चाक कधी अडकलं नाही, मुलगी रोज पळते.

बुश पुन्हा बसवून आलो, त्या संध्याकाळी मी हे सगळं बायकोला समजावून सांगायला बसलो. बेअरिंगच्या छर्‍यांशिवाय वजन कोण पेलतं, तेलाशिवाय घर्षण कुठे जातं, इथपर्यंत आलो आणि थांबलो.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाच कळलेलं नाही."

"नाही," मी म्हणालो.