ढोलाला पाय
संबळाची खोळ सोडली की चामड्याच्या वासासरशी मला जपानमधल्या नागोयातलं ते गाण्याच्या कार्यक्रमाचं तळघर आठवतं. माझी नात तिथं मेटल बँडमध्ये, म्हणजे त्या कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांच्या ताफ्यात, ड्रम वाजवते. मी लेकीकडे तिथं गेलो होतो, तेव्हा घरी सराव करताना मोठ्या ढोलावर ती पायानं ठोके देत होती. मी चौथी नापास, पण जन्म देवीच्या गोंधळात गेला, ओरडलो, "वाद्याला पाय? मी ऐकायला येणार नाही!" ती म्हणाली, "आजोबा, पाय पेडलला लागतो." "मला शिकवू नकोस!" दोन दिवस अबोला धरला. शेवटी लेकीनं ओढूनच नेलं. कवट्यांचे शर्ट घातलेली गर्दी होती. नात स्टेजवर आली, बूट काढले, ढोलाला हात लावून कपाळाला लावला आणि मगच अनवाणी बसली. ते बघून गर्दीतली पुढची पोरंही तिथल्या रीतीनं कमरेत वाकली. मग असा दणका उठला की माझी छाती हादरली. गाणारा घसा फाडत होता. लेक कानाशी म्हणाली, "लढाईत कुणाच्या बाजूनं होतास, असं देवाला विचारतोय, अण्णा." म्हटलं, "विचारू दे. आम्हीही देवीशी भांडतोच." बाहेर आल्यावर नात म्हणाली, "पाय लागला तर नमस्कार करायचा, तुम्हीच शिकवलंत ना?" तेव्हा मी नुसतं हं केलं. आता मात्र रोज संबळाला हात जोडताना देवीला सांगतो, पोरीनं माझा मान राखला, तू तिचा राख.