सामुराईंचा खंड उलटा शिवला तेव्हा

बाइंडरकाकांनी शिवलेलं पुस्तक परत आलं, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. आलं तेही चित्रकथांचं! जपानी सामुराई योद्ध्यांचे बारा अंक वाचनालयाने एका खंडात बांधायला दिले होते. ते उजवीकडून वाचायचे असतात, हे काकांच्या गावीही नव्हतं. त्यांनी अंक आपले नेहमीसारखे डावीकडून लावले आणि पुठ्ठा चढवला. वाचणाऱ्याला नायक आधी मेलेला सापडायचा आणि मग लढायला निघायचा.

ग्रंथपालबाई हसल्या, पण काकांना ते हसू फार लागलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "हात गेला माझा. दुकान बंद!"

"आधी उसवा तर, मग बंद करा," काकू म्हणाल्या.

उसवताना क्रम चुकू नये म्हणून काका वाचू लागले. आजवर त्यांनी पानांचे आकडे सोडून पुस्तकातलं काही वाचलं असेल तर शपथ! या कथेतले वीर एवढ्यातेवढ्या चुकीवरून स्वतःचं पोट फाडून मोकळे व्हायचे. काकांना ते मनापासून पटलं. दुकान बंद करायचं म्हणजे तरी दुसरं काय होतं?

"हे खरं का हो?" त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी जपानच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक हातात ठेवलं.

दुपारचं जेवण झालं की काका त्यात डोकं घालून बसत. चौथ्या दिवशी त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं, ऐक! लढाया थांबल्या त्या अडीचशे वर्षं. मग कित्येक सामुराई कचेरीत कागद खरडत बसले. तनखा पुरेना, म्हणून खालच्या दर्जाचे काहीजण घरी कागदाच्या छत्र्या चिकटवायचे. कमरेला तलवार आणि हात खळीत!"

"म्हणजे पोट फाडणारे थोडे आणि पोट भरणारेच जास्त," काकू म्हणाल्या. "शहाणे होते की."

काकांना फार बरं वाटलं. त्यांनी खळ शिजवायला ठेवली.

खंड नव्याने, उजवीकडून लागला. शेवटी कोरी पानं घालताना त्यांच्या मनात आलं, वाचणाऱ्यांनाही खरं काय ते कळायला हवं. त्यांनी बाईंना लिहून द्यायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हीच लिहा की."

काकांनी दोन दिवस खपून एक पान लिहिलं. दुसऱ्याच ओळीत त्यांनी अडीचशेच्या जागी दीडशे वर्षं लिहिली होती. ती खोडून वर नीट लिहिलं.

काकूंनी चष्म्यातून पाहिलं. "खाडाखोड दिसतेय हो. दुसरं पान घ्या ना!"

"दिसू दे," काका म्हणाले आणि तेच पान त्यांनी खंडात शिवून टाकलं.