हजर समजावे

आमच्या पाण्याच्या टाकीवर पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चावीदादा म्हणत. लोखंडाची लांब चावी खांद्यावर टाकून तो गल्लीत शिरला, की पाठोपाठ घराघरांतले नळ खाकरू लागत. नोकरी सरकारी, आणि वर तो राखीव सैनिक. सीमेवर पेटलं, तसं त्याला बोलावणं आलं.

"तुला कसली चिंता?" कचेरीतल्या बडेबाबूंनी पाठीवर थाप मारली. "लष्करी रजा आहे. पगार चालू, जागा तुझीच. नियमच आहे तसा, अशा माणसाला कामावर हजर समजावे. तू तिकडे लढ, इथं तू हजर!"

"बघा हं काका, माझ्यावाचून बरं चाललंय म्हणाल," म्हणत तो हसत गेला.

परतला तेव्हा गाल बसले होते, एक कान बधिर झाला होता. तिकडे चिखलात पडल्यापडल्या त्याला टाकीची फार आठवण यायची. म्हणून घराआधी तो तिकडेच वळला. चावी खुंटीला होती. तिची मूठ ओली होती, आणि कोमट.

"माझ्यामागं पाणी कोण सोडतंय?" त्याने राखणदाराला विचारलं.

"कोण म्हणजे? सकाळी तूच नाही का सोडलंस? शुद्धीवर आहेस ना, दादा?"

तो लगबगीने घरी गेला. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून घरात पाहिलं.

"अहो, तुम्ही आत्ताच आंघोळीला गेलात ना?"

न्हाणीत पाणी सांडत होतं. तो दाराशी पोचला आणि आवाज थांबला. आत फरशी ओली होती, माणूस नव्हता.

तसाच तो कचेरीत गेला. "काका, मला रुजू करून घ्या."

"रुजू व्हायला आधी जावं लागतं रे. तू गेलास कुठं?" बडेबाबू हे गमतीने बोलत नव्हते.

"मग गैरहजर लिहा. गेलो त्या दिवसापासून."

"वेडा आहेस का? सगळा पगार परत जाईल. नियम तुझ्या बाजूचा आहे."

"जाऊ दे. चिखलात होतो तो मी होतो, काका. मी इथं नव्हतो, एवढंच लिहा."

बडेबाबूंनी मान हलवत लिहिलं.

तो टाकीवर आला. आता चावी कोरडी होती, गार होती. व्हॉल्व्ह असा गच्च बसला होता, जणू तो गेल्यापासून कुणी फिरवलाच नव्हता. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे पाणी सुटलं. दूरवर नळ खाकरले. त्याला भरून आलं. आपली जागा आपल्याला मिळाली.

संध्याकाळी तो घरी गेला. "या, बसा," बायको म्हणाली, आणि पदर सावरून जरा बाजूला झाली. ताट वाढलेलं होतं. तो बसला, घास घ्यायला ताटात हात घातला.

"थोडं थांबाल का?" ती संकोचाने म्हणाली. "हे यायचेत अजून. इतका उशीर कधी करत नाहीत."

आणि ती उघड्या दाराकडे बघत उभी राहिली.