फेट्यावरून घेतलेलं माप

एकाहत्तर सालच्या लढाईत माझा वाटा चाळीस कानटोप्यांचा होता.

लग्न होऊन मी नुकतीच नेवाशाला आले होते आणि नगरच्या माहेराहून येताना विणकामाचं मशीन घेऊन आले होते. (दागिने बेताचेच होते, पण मशीन होतं!) महिला मंडळात सीमेवरच्या जवानांसाठी कानटोप्या विणायचं ठरलं. बायका सुया घेऊन बसल्या. एका टोपीला दोन-दोन दिवस! मला ते बघवेना.

"अहो, हात कशाला झिजवताय? आठ दिवसांत चाळीस टोप्या मी एकटी देते!"

"चाळीस?" मंडळाच्या प्रमुख गोदाक्का म्हणाल्या. "बग बरं विमल. बुधवारी दुपारी ट्रक निगनार. समदी लोकर तुला दिली, तर दुसऱ्या कुनाला द्यायला काय ऱ्हात न्हाई."

"निर्धास्त राहा!" मी म्हटलं आणि सगळी लोकर घरी आणली.

आता डोक्याचं माप हवं. आमचे हे साखर कारखान्यावर. गळीत हंगामात कुठले घरी सापडायला! घरात पुरुष एकच, माझे सासरे. मी टेप घेऊन गेले.

"मामंजी, जरा फेटा उतरवता का?"

मामंजी दचकलेच. "सुनंम्होरं बोडकं बसू? ह्या जल्मात न्हाई!"

"अगं, घे की फेट्यावरनंच," सासूबाई चुलीपासून ओरडल्या. "मला तरी कवा दिसलंय त्यांचं डोकं!"

मी क्षणभर विचार केला. (क्षणभरच. जास्त विचार करायची मला सवय नव्हती.) मामंजी पडले वाळके, साठीचे. जवान म्हणजे सहा फुटी गडी! तेव्हा मामंजी अधिक फेटा, बरोबर एक जवान. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मशीन खर्रर्र खर्रर्र सुरू झालं. पहिली टोपी विणून मामंजींच्या हातात दिली. त्यांनी ती फेट्यावर चढवली, मान डोलवली आणि म्हणाले, "झ्याक बसली!" आणखी काय हवं? उरलेल्या एकोणचाळीस मी डोळे झाकून काढल्या.

बुधवारी ट्रकबरोबर एक निवृत्त सुभेदार आले. चांगले धिप्पाड, मिशाळ. मी ऐटीत एक टोपी पुढे केली. "घालूनच बघा!"

त्यांनी घातली. टोपीनं कपाळ झाकलं, मिशा झाकल्या, हनुवटी झाकली आणि ती खांद्यावर टेकली. आतून आवाज आला, "बाई, दुश्मन कुठनं बगायचा?"

अख्खं मंडळ हसून लोळलं. गोदाक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

"माप कुनाचं घेतलं?"

"मामंजींचं."

"फेटा काडून का ठिवून?"

"...ठेवून."

मला रडूच फुटलं. त्यांच्या हसण्याचं काही वाटलं नव्हतं हो, पण माझ्या तोऱ्यापायी तिकडे थंडीत चाळीस जणांचे कान उघडे राहणार होते आणि ट्रक दारात उभा होता.

"रडू नगं, टोप्या उलट्या कर," गोदाक्का म्हणाल्या. ज्या बायकांचे हात झिजू नयेत म्हणून मी एवढी झटले होते, त्या सगळ्या सुई-दोरा घेऊन बसल्या. प्रत्येक टोपी मागून वीतभर आत घेतली. ट्रकवाला दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. मी दोनदा बोट टोचून घेतलं आणि एक टोपी स्वतःच्या पदराला शिवली.

शेवटी सुभेदारांनी पुन्हा टोपी घातली. या वेळी डोळे दिसले! मागे मात्र दुमडीचा हा एवढा गठ्ठा.

"ऱ्हाऊ द्या," ते मान चाचपत म्हणाले. "मानंला ऊब ऱ्हाईल. लई बेस हाय."

चाळीसच्या चाळीस टोप्या ट्रकमध्ये चढल्या. धूळ खाली बसल्यावर गोदाक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पुढच्या बारीला तू मफलर कर बाई. त्याला माप लागत न्हाई."

मी डोळे पुसले. किती हवेत, हे त्यांनी सांगायच्या आतच माझ्या तोंडून निघून गेलं, "शंभर देते!"